खुशालचेंडू रक्त

आमच्या सान हासिंतो गावात झुले सगळेच विणतात, पण आमच्या घरच्या बायकांनी विणलेला झुला नुसता हात लावला तरी ओळखू येतो. फुशारकी म्हणून नाही सांगत. बरं, फुशारकी म्हणूनच सांगते. ती आमच्या रक्तात आहे, आणि गोष्टही त्या रक्ताचीच आहे.

त्या रक्ताला घरात नाव होतं: सांग्रे आलेग्रे, खुशालचेंडू रक्त. एकदा बाहेर पडलं की घरी परतायचं नाव घेत नाही. शेजारणीचं बोट कापलं तर ती चिंधी गुंडाळून कंदमुळं सोलायला लागते. आमचं कापलं की दुपार उलटेपर्यंत ठिबकतं, आणि तरी आम्ही मागावरून उठत नाही. युदोसिया मावशी म्हणायची, "ज्यांच्याकडे आहे त्यांचंच सांडतं गं. त्या वाळक्या बायांकडे सांडायला आहे काय?"

मला वाढवलं ते या मावशीनं. माझी आई, नेल्फा, तिची धाकटी बहीण. मला जन्म दिला आणि त्याच दिवशी गेली. आईबद्दल विचारलं की मावशी मागावरची नजर न काढता म्हणायची, "तिच्यात दम नव्हता, ओसिरिस. मी चार बाळंतपणांतून उठले. ती एकातून नाही उठली." हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ताट सरकवून उठायचे, दोन दोन दिवस बोलायचे नाही. पण मावशीला त्याचं काही नव्हतं. मी पोटात असताना आईनं विणलेला लाल पट्ट्यांचा एक झुला पेटीत होता, तोही तिनं कधी टांगू दिला नाही.

तर माझी लेक डेल्सी. गळा असा की गावातल्या बासरीवाल्यांच्या पथकात तिच्याशिवाय पान हलत नाही. तिचे टॉन्सिल इतके सुजायला लागले की गाणं सोडाच, पाणी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. काढून टाकायचं ठरलं. मावशी, डेल्सी आणि मी, आम्ही तिघी बसनं कार्ताहेना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टर बाएना तरुण होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "घरात कुणाला रक्त जास्त जाण्याचा त्रास?"

"छे," मावशी म्हणाली. "आमच्याकडे सगळ्या ठणठणीत."

मीही मान हलवली. का नाही हलवणार? त्रास लोकांच्या घरी असतो. आमच्या घरी रक्त होतं.

तेवढ्यात डेल्सीचं नाक वाहायला लागलं. उन्हात बसनं आलं की वाहतंच. मावशीनं तिच्याकडे न बघताच जवळचा रुमाल पुढे केला, लोक पाण्याचा पेला पुढे करतात तसा. डॉक्टरीणबाई बघत राहिल्या. रुमाल भिजला, मावशीनं दुसरा काढला.

"हे नेहमीचं आहे?"

"खुशालचेंडू रक्त आहे तिचं. घराण्याचं," मावशी म्हणाली.

"म्हणजे कसं, आजी? सांगा ना."

झालं. मावशीला असं कुणी विचारायची खोटी. तिनं खुर्ची पुढे ओढली. "माझी दाढ काढली तेव्हा तीन दिवस तोंडात फडकं कोंबून विणत होते. थुंकायला बादली शेजारी. झुला वेळेवर दिला की नाही विचारा गावात."

आता मी काय मागे राहते? म्हटलं, "माझी पाळी म्हणजे दहा दिवस चादरीखाली प्लास्टिक. उभं राहिलं की डोळ्यांपुढे काजवे. पण माग बंद ठेवलेला कुणी दाखवून द्यावा."

"माझे कान टोचले तेव्हा टोचणाऱ्या बाईलाच चक्कर आली," डेल्सी रुमालाआडून म्हणाली.

"तू गप गं, कान काय घेऊन बसलीस," मावशी म्हणाली. "मला चारही बाळंतपणांत गादी फेकून द्यावी लागली."

आम्ही तिघी हसत होतो. डॉक्टरीणबाई हसत नव्हत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "आज ऑपरेशन होणार नाही. आधी तिघींचं रक्त तपासू."

तपासणीचं कळायला बरेच दिवस गेले. पुन्हा गेलो तेव्हा त्या म्हणाल्या की हा आजार आहे, तिघींनाही आहे; आईबापांकडून मुलांकडे येतो, आणि आमच्यात तो आईकडून लेकीकडे आलाय. मावशी ताडकन उभी राहिली. "माझ्या रक्ताला आजारी म्हणतेस, पोरी?"

"बसा आजी. तुम्ही विणता ना, मग तुम्हाला लगेच कळेल. रक्तवाहिनी कापली की आधी ती स्वतःच आकसते. मग प्लेटलेट धावत येतात आणि कापल्या जागी चिकटून बसतात. त्यांच्यावर बारीक धाग्यांची जाळी विणली जाते, तेव्हा रक्त थांबतं. जखम भरली की शरीर ती जाळी आपणच उसवून टाकतं. आणि नको तिथे हे विणकाम सुरू होऊ नये म्हणून त्याला लगामही असतो, नाहीतर तेवढ्यानं माणूस मरेल. तुमच्या रक्तात ते चिकटवणारं कमी आहे. प्लेटलेट येतात, पण जखमेवर धरून राहत नाहीत."

मावशी विचारात पडली. "म्हणजे धागा आहे, हात आहे. पण मागाच्या दांडीला पहिली गाठच बसत नाही."

"तसंच. ती गाठ बसवायला औषध आहे. आधी ते देऊ, मग ऑपरेशन. न विचारता केलं असतं तर ही पोर जिवाला मुकली असती."

मला डेल्सीचा हात सोडवेना. मावशीनं मात्र वेगळंच विचारलं, "आणि बाळंतपणात?"

"एखादीचं थांबतं. एखादीचं थांबतच नाही."

"दम असला तरी?"

"दमाचा काय संबंध, आजी? बाईच्या हातात काहीच नसतं."

परतीच्या बसमध्ये सान हासिंतो येईपर्यंत मावशी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसली होती, आणि असा हात तिनं आजवर कधी ठेवला नव्हता.

ऑपरेशनच्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. घरात कुणाला रक्त जाण्याचा त्रास?

"आम्हा सगळ्यांना," मावशी खणखणीत आवाजात म्हणाली. "पहिलं नाव नेल्फाचं लिहा. माझी बहीण. लेक जन्माला घालून मग गेली ती."

माझी मान अशी ताठ झाली की डोळ्यांतलं पुसायला ती खाली घालायचीही लाज वाटली. आई, तुझं नाव तिनं भर दवाखान्यात घेतलं.

औषध आधीच दिलं होतं. डेल्सी बाहेर आली ती नुसती पांढरीफटक, पण तोंडात रक्त नाही. मावशीनं तिच्या तोंडातला कापसाचा बोळा उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "एवढंच?" जरा हिरमुसलीच होती बया.

घरी आल्यावर मावशीनं स्वतः पेटी उघडली आणि लाल पट्ट्यांचा झुला ओसरीत टांगला. डेल्सीला त्यात निजवलं आणि तिला घसा बरा होईपर्यंत गप्प बसायचा हुकूम दिला. शेजारची कार्मेन्सा सरबत घेऊन आली, झुल्यावर हात फिरवत म्हणाली, "नवा दिसतोय गं. कुणाच्या हातचा?"

"नेल्फाच्या," मावशी म्हणाली. तिनं झुल्याच्या डोक्याशी असलेली गाठ बोटांनी चाचपली आणि कार्मेन्साचा हात ओढून त्या गाठीवर ठेवला. "ही बघ. ओसिरिसच्या वयाची आहे. अजून सुटली नाही."