फरशीतला आपलेपणा

टीचभर खोलीत स्टुडिओ थाटायचा म्हणजे डोक्यावरून रजई घ्यायची आणि नवऱ्याचा धुतलेला मोजा माइकवर चढवायचा. माइकही जुना, अर्ध्या किमतीत घेतलेला. एवढ्या भांडवलावर मी आवाज विकायला बसले होते. वर्षभर 'नमुना पाठवा, नमुना पाठवा' म्हणत लोकांनी माझ्याकडून फुकटात वाट्टेल ते वाचून घेतलं होतं. आज पैसे देणारं पहिलं गिऱ्हाईक मिळालं. फरश्यांची कंपनी. वाक्य एकच: "पाऊल टाकताच आपलेपणा." फरशीत कसला डोंबलाचा आपलेपणा असतो?

अडचण होती ती सासऱ्यांच्या ऑक्सिजन मशीनची. खाटेशेजारची त्याची घरघर रजईतूनही माइकमध्ये शिरायची.

"बंद कर गं," बाबा स्वतःच म्हणाले. "बसल्या जागी थोडा वेळ चालतं, डॉक्टरच म्हणालेत. दहा मिनिटं मी सहज काढीन."

दहाच मिनिटं लागतील, असं जाहिरातीच्या दिग्दर्शकानंही फोनवर सांगितलं होतं. मी मशीन बंद केलं आणि रजईत शिरले.

"छान," कानातल्या इअरफोनमधून दिग्दर्शक म्हणाला. "पण 'आपलेपणा'त अजून थोडा आपलेपणा हवाय."

मी ओतला. मग म्हणे, जास्त झाला. तेवढ्यात फोनवर कंपनीचे साहेब उगवले, त्यांच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून. साहेबांच्या मेव्हण्यालाही ऐकायचं होतं. ह्या मेव्हण्याचा फरशीशी काय संबंध, देव जाणे, पण त्याला माझा आवाज हसरा वाटेना.

"हसून म्हणा ना मॅडम."

मी हसून म्हणाले. दातओठ खातही हसता येतं, हे मला तेव्हा कळलं.

अर्धा तास होऊन गेला होता. मी रजई जरा बाजूला करून पाहिलं. बाबा खाटेवर ताठ बसले होते. खोकला ऐकू जाऊ नये म्हणून टॉवेल तोंडावर दाबलेला. तो खाली घेतला तेव्हा ओठ निळे दिसले. तरी हातानं मला खूण केली, चालू दे. त्या खुणेनं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्याला त्रास नको म्हणून ह्या माणसानं जन्मभर तोंड दाबलं, आणि आता मी त्याचा श्वास एका फरशीवरून ओवाळून टाकत होते.

"मला जरा थांबावं लागेल," मी म्हणाले.

"आत्ता नको हो, आत्ता कुठे सूर लागलाय," मेव्हणा म्हणाला.

सूर गेला चुलीत. रजई भिरकावून मी मशीन चालू केलं, नळी बाबांच्या नाकाला लावली. ते माझा हात ढकलत पुटपुटले, "अगं, काम जाईल तुझं."

"जाऊ दे खड्ड्यात. तुम्ही गप्प बसा आणि श्वास घ्या."

त्यांच्या ओठांवर रंग येईपर्यंत मी पाठीवरून हात फिरवत राहिले. कानात तिघांची कुरकुर चालूच होती.

"मॅडम, मागून कसलातरी आवाज येतोय," साहेब म्हणाले.

"माझे सासरे श्वास घेतायत."

मग साहेबांनी अगदी अदबीनं विचारलं, "तो थोडा वेळ बंद ठेवता येईल का?"

"आधी तुम्ही तुमचा ठेवून बघा!" मी ओरडले आणि फोन आपटला.

पहिलं गिऱ्हाईक होतं ते.