कमी तिखटाचं मटण

रविवारी पातेल्यातून मटणाचे चार तुकडे गेले, सोमवारी दोन भरली वांगी आणि मंगळवारी पाटवड्या. कमलिनीच्या मनात पाल चुकचुकली.

तिचा नवरा देवराव प्लांटच्या गेस्ट हाऊसवर सुपरवायझर. वीस वर्षांच्या संसारात या माणसाने सुपारीही तोंडात टाकली नव्हती. आणि आता रोज पाच वाजता, "दयारामकडे जाऊन येतो," म्हणत पिशवीत डबा घेऊन निघायचे, परतताना लवंग चघळत यायचे. दयाराम त्यांचा जुना मित्र; त्याची बायको रत्नमाला महिन्याभरापासून माहेरी भंडाऱ्याला होती. मग त्या घरात डबा कोणासाठी?

बुधवारी पुन्हा मटण होतं; ते डबा घेऊन निघताच तिने गॅस बंद केला आणि मागोमाग निघाली. दयारामचं क्वार्टर दोन गल्ल्या सोडून. दार नुसतंच लोटलेलं होतं.

"वांग्यासंगं बरी लागते," आतून देवरावांचा आवाज आला. "मटणासंगं तर नुसती आग!"

तिने दार ढकललं. टेबलावर एक बाटली, स्टीलच्या दोन ग्लासांत जांभळट लाल काहीतरी, शेजारी तिचाच डबा. दयाराम ताडकन उठला.

"बाई कुठं आहे?" कमलिनीने विचारलं.

"कोणती बाई, वहिनी?"

ती उत्तराला थांबली नाही. स्वयंपाकघर पाहिलं, न्हाणीत डोकावली. कोणी नव्हतं.

देवरावांनी मान खाली घालून सांगितलं. शनिवारी रशियन इंजिनियरांचं निरोपाचं जेवण. साहेबांनी गोव्याहून स्वस्तातली लाल वाइन मागवली आणि तिच्यासोबत काय वाढायचं ते यांच्यावर सोडलं. "मले काय ठाऊक त्यातलं? दयारामनं फौजेत पेली होती, म्हणून इथं चाखून पाहून राहिलो."

"मग मले कावून नाही सांगितलं?"

"तू घरात बाटली येऊ देली असती?"

तिचा विश्वास बसला नाही. दयारामचा ग्लास बाजूला सारून तिने स्वच्छ वाटीत थोडी ओतून घेतली. वास जांभळासारखा. घोट घेतला तर कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आखडली. मग डब्यातला मटणाचा तुकडा खाऊन पुन्हा घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. ती उठली, दुसरा तुकडा नळाखाली धुतला, खाल्ला, पुन्हा प्यायली. या वेळी जीभ मोकळी झाली.

"चरबी पायजे इले. मिरची नाही चालत," ती म्हणाली.

गुरुवारी तिने मटण केलं ते खोबरं, खसखस आणि काळ्या मिऱ्यांचं. लाल तिखटाला हात लावला नाही. दयारामने डबा बोटांनी पुसून खाल्ला.

तरी शनिवारी ती गेस्ट हाऊसवर स्वतः गेली. मटण मीच शिजवते, हे निमित्त. खरं तर असं जेवण आहे तरी का, ते तिला बघायचं होतं. जेवण होतं. रशियन पाहुणे पोळीने ताटं पुसत होते, लाल ग्लास पुन्हा पुन्हा भरले जात होते. त्यांच्यातली एक वयस्क बाई आत येऊन खुणेने विचारू लागली, यात काय घातलं? कमलिनीने तिच्या तळहातावर चिमूटभर खसखस ठेवली. बाईने ती चाटली आणि खुदकन हसली.

स्कूटरवर मागे बसताना कमलिनी म्हणाली, "यापुढं असं काही असलं, तर पहिले मले सांगा."

"सांगीन," देवराव म्हणाले.

जरा लवकरच म्हणाले, असं तिला वाटलं. पण तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.