माझ्या पाठीमागची मॅच

मी छत्री बोलतेय. पावसात डोक्यावर धरतात ती नव्हे. टीव्हीला आकाशातून चित्रं आणून देणारी, महिन्याच्या महिन्याला काही न मागणारी पत्र्याची छत्री. उज्जैनमध्ये नानाखेड्याच्या एका कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत मी उभी आहे. तोंड आग्नेयेला, पाठ खिडकीला. त्यामुळे घरातलं सगळं मला ऐकू येतं, दिसत मात्र काहीच नाही. मीच आणलेलं चित्र मी आजवर एकदाही पाहिलेलं नाही.

गावातल्याच देवास गेट भागातल्या एका दुकानात मी धूळ खात पडले होते. तिथून विलासरावांनी मला स्कूटरवर पायांशी उभी करून आणलं. बँकेच्या नोकरीपायी ते साताऱ्याहून इकडे आले आणि इकडचेच झाले. घरातली केबल त्यांनी काढून टाकली होती. मोबाइलवर मॅच लावली, की ऐन वेळी नुसतं चक्र गरगरत राहायचं. आणि त्यांची मुलगी मृण्मयी मध्य प्रदेशाकडून खो-खो खेळायची. तिच्या मॅचेस फुकटच्या सरकारी चॅनलवर लागायच्या.

"आता मृणू थेट घरात दिसणार!" माझा बोल्ट आवळत ते म्हणाले होते. त्यांच्या बायकोनं, अलकाताईंनी, मला कुंकू लावलं होतं.

आणि पहिल्याच मॅचला ते घडलं. मृण्मयीनं खांबाजवळ सूर मारला. आतून आरोळी उठली आणि मध्येच तुटली. "ती उठत का नाहीये?" अलकाताईंचा आवाज आला. तेवढ्यात जाहिराती लागल्या. साबणाचं गाणं, मग मसाल्याचं, मग पुन्हा साबणाचं. पोरगी तिकडे मैदानात पडलेली आणि आई इकडे साबणाचं गाणं ऐकतेय. मी काय करणार? जे येतं ते मी खाली पाठवते.

गुडघ्याचं ऑपरेशन इंदूरला झालं. त्यानंतर अलकाताई माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालू लागल्या. समोर दोरी रिकामी असायची, तरी टॉवेल माझ्याच तोंडावर. चित्र जायचं. विलासराव टॉवेल उचलून दोरीवर टाकायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा टॉवेल.

मृण्मयी जिना चढउतार करून पाय पुन्हा तयार करत होती.

"परत खेळायलाच हवं का गं?" आईनं एकदा विचारलं.

"आई, खेळत नाही ना, तेव्हाच जास्त दुखतो."

गेल्या उन्हाळ्यात ती पुन्हा संघात आली. उपांत्य सामना, आणि समोर नेमका महाराष्ट्र. शेजारचे भय्यासाहेब दुपारीच येऊन बसले. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या चाकरीत इकडे आलेले. "विलासराव, एक बात बताओ, आपण कोणाकडून?"

"मृणूकडून," विलासराव म्हणाले.

अलकाताई बाल्कनीत आल्या. मॅच बघायची नाही, असं त्यांनी ठरवलंच होतं. पण त्या दिवशी सकाळपासून वारं पिसाळलं होतं, धुळीचे लोट उठत होते. माझ्या बोल्टचे आटे कधीचेच झिजले होते. एका झोतासरशी मी गर्रकन फिरले.

"अरे भई, पिक्चर गेली!" आतून भय्यासाहेब ओरडले.

अलकाताईंनी मला दोन्ही हातांनी धरलं. टॉवेल टाकणारे तेच हात. तापलेल्या पत्र्यानं तळवे पोळत असणार.

"थोडं डावीकडे! बस, बस! अब हिलाना मत!"

"मी नाही हलवत, हवा हलवतेय!"

आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, मॅचकडे पाठ करून. आत टाळ्या वाजल्या, की त्या विचारायच्या, "काय झालं?" कुणी उत्तर द्यायचं नाही. त्यांनी पकड जरा बदलली, की चित्र फुटायचं आणि आतून दोघे ओरडायचे. शेवटची पाळी आली. मध्य प्रदेशाचा पाठलाग सुरू झाला. मग आतला आवाजच बंद पडला. ती शांतता त्यांना सोसेना.

"अहो, इकडे या! हिला धरा."

"आत्ता? अलका, शेवटची दोन मिनिटं आहेत!"

"आत्ताच! माझी मुलगी खेळतेय आणि मी समोरच्यांची टाकी बघत बसलेय!"

विलासराव आले. हात बदलताना मी सटकले, भय्यासाहेब कळवळले. विलासरावांनी मला पोटाशी घट्ट धरलं. अनवाणी पावलं धावत आत गेली.

"दिसतेय," अलकाताई म्हणाल्या. "पळतेय. खांबाकडे चाललीय... अहो, सूर मारला तिनं!"

विलासरावांनी मला आणखी आवळलं. वारा मला ओढत होता, ते मला सोडत नव्हते.

"उठली! अहो, उठली ती! हसतेय!"

"पण समोरची बाद झाली का?" ते बाहेरून ओरडले.

"ते मला काय माहीत! उठली ना ती!"

समोरची निसटली होती. मध्य प्रदेश थोडक्यात हरला. विलासराव मात्र माझ्या पत्र्यावर कपाळ टेकून बराच वेळ उभे होते. मॅच संपली, तरी त्यांनी मला सोडलं नव्हतं.

आता मला नायलॉनच्या दोरीनं कठड्याला बांधलंय. कडा गंजल्यात. वारं सुटलं, की माझा जीव अजून थाऱ्यावर राहत नाही. घरात नव्या इंटरनेटच्या तारेची बोलणी चाललीत. म्हणजे माझे दिवस भरत आले. त्याचं वाईट नाही वाटत. मला उतरवायचं असेल, तर खुशाल उतरवा. फक्त एवढं करा, ती मैदानात असेल तेव्हा नको.