बेकरीवालीचं आभारपत्र

बेकरीवालीला शिव्या दिल्याशिवाय वजन उचलता येत नसे. ही तिची खोड नव्हती, पद्धत होती. खडूची पूड तळहातांना चोळायची, वजनांच्या लोखंडी बारसमोर उभं राहायचं, त्याच्या सात पिढ्या काढायच्या आणि तो शरमून वर येईपर्यंत ओढायचं. नऊ वर्षं हे झकास चाललं होतं. मग एका स्पर्धेत तिचं ‘मेल्या टोणग्या’ समोर बसलेल्या पंचांनी स्वतःवर घेतलं आणि प्रकरण वरपर्यंत गेलं. तिच्याकडून लेखी हमी घेतली गेली: मंचावर एक अपशब्द निघाला की थेट घरी. शिवाय तिला सुधारायला क्लबात एक मानसतज्ज्ञ बाई आणून बसवल्या.

बाई हसतमुख होत्या, तेही सकाळपासून. पोरींनी त्यांचं नाव गोडबोली ठेवलं. त्यांनी व्यायामशाळेच्या आरशांवर चिठ्ठ्या डकवल्या, ‘मी समर्थ आहे’, ‘वजन माझा मित्र आहे’, त्यामुळे केस नीट करायलाही आरसा उरला नाही. रोज दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहायच्या असत. बेकरीवालीनं लिहिलं: पाव करपला नाही. कणीक मळायचं यंत्र बंद पडलं नाही. वही संपत आली. बाईंनी त्याखाली हसरा चेहरा काढून दिला.

मग आभारपत्राचं खूळ निघालं. ज्याचे आभार मानायचे राहून गेलेत त्याला पत्र लिहायचं आणि त्याच्यासमोर वाचायचं. बेकरीवालीनं ते आपल्या बाबांना लिहिलं आणि पिशवीच्या तळाशी कोंबून टाकलं. बाबांचे आभार मानायची सोय नव्हती. कुणी मानलेच तर ते संशयानं बघत आणि विचारत, “काय हवंय?”

निवड चाचणीच्या दिवशी बाबा काठी घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. बेकरीची पोती वाहून त्यांच्या पाठीचं मातेरं झालं होतं. लेक बत्तीस वर्षांची. यंदा संघात आली नाही तर पुढच्या वर्षी बोलावणार नाही, असं निवड समितीनं तोंडावर सांगितलं होतं. शेवटच्या प्रकारात तीन प्रयत्न होते आणि त्यातला एक तरी साधायला हवा होता.

पहिल्या प्रयत्नाला ती बारला हळूच म्हणाली, “ये मित्रा.” मित्र ढिम्म हलला नाही. दुसऱ्या वेळी तिनं तो खांद्यापर्यंत आणला, मनात म्हटलं, मी समर्थ आहे, आणि लगेच आतून कुणीतरी विचारलं, कशावरून? बार धाडकन खाली आला.

ती आतल्या खोलीत जाऊन बाकावर बसली आणि रडायला लागली. आधी रागानं, मग नुसतीच. गोडबोलीबाई मागोमाग आल्या.

“एक सकारात्मक विचार...” बाईंनी सुरुवात केली.

“मॅडम, हात जोडते,” बेकरीवाली म्हणाली. नाक पुसायला रुमाल शोधताना तिनं पिशवी उलटी केली आणि ते पत्र बाईंच्या पायाशी पडलं. बाईंनी ते उचलून वाचलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचं हसू मावळलं.

“हे बाबांना वाचून दाखवलंत?”

“वेडबिड लागलंय का मला?”

“चुकलंच माझं,” बाई म्हणाल्या. “तुमच्याकडे जे सगळ्यांत चांगलं होतं, त्याच्यावरच मी चिठ्ठ्या चिकटवत बसले. आता वाचा. बारसमोर उभं राहून.”

“घरी पाठवतील.”

“आभार मानले म्हणून? पाठवून तर बघू देत.”

बाई तरातरा मुख्य पंचांकडे गेल्या. खेळाडू वडिलांना आभारपत्र वाचून दाखवणार आहे, उपचाराचा भाग आहे, असं त्यांनी गोड आवाजात सांगितलं. आभारांना हरकत कसली, पंच म्हणाले. हे तेच पंच होते.

घड्याळ सुरू झालं. तिच्याकडे एक मिनिट होतं. बेकरीवालीनं कागद उघडला. आवाज आधी फाटला, मग लागला.

“बाबा, तुम्ही मैद्याच्या पोत्याला म्हणायचात, ऊठ रे मेल्या टोणग्या, सासुरवाडीला आलायस का?”

पंच खुर्चीत सावरून बसले.

“म्हणायचात, ऐतखाऊ, गिळून गिळून तू फुगायचं आणि पाठ मोडायची माझी. दिवसाला चाळीस पोती आणि प्रत्येकाला नवी शिवी. आम्हा बहिणींना मात्र तुम्ही जन्मात एक वाकडा शब्द बोलला नाहीत. सगळा राग पोत्यांवर संपवून घरात यायचात. त्याबद्दल आभार.”

अर्धं मिनिट उरल्याची घंटा झाली. तिनं कागद कंबरेच्या पट्ट्यात खोचला आणि बारकडे बघितलं. आता तो मित्र नव्हता. तो मैद्याचं पोतं होता आणि त्याला दुकानात न्यायचं होतं. तिनं ओठ घट्ट मिटले, बार खांद्यावर घेतला, श्वास भरला आणि वर फेकला. हात सरळ झाले. बार डोक्यावर स्थिर राहिला. तिन्ही पंचांचे पांढरे दिवे लागले, म्हणजे वजन मान्य. मुख्य पंचांचाही.

ती मंचावरून उतरली ती थेट पहिल्या रांगेत. बाबा काठीच्या मुठीकडे बघत होते.

“काय हवंय?” त्यांनी विचारलं.

“काही नको, बाबा.”

त्यांनी तिचा खडूनं पांढरा झालेला हात आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

“साठ होती,” ते म्हणाले. “चाळीस नाही. साठ पोती.”