निळ्या उजेडाखालचा कोंब

आमच्या तांड्यावर समुद्र आहे असं सांगितलं, की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या बापूकडे. बापूकडे बघताना त्यांच्या नजरेत कीव असते. पण समुद्र आहे. कनेरगाव नाक्यावरून आत वळलं की फुलसिंगचं, म्हणजे माझ्या बापाचं, घर कुणीही दाखवील, आणि त्या घराच्या मागच्या खोलीत, काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्यात तो आहे. त्यात चार दगड आणि दगडांना चिकटलेली बटणाएवढी जिवंत पोवळी.

पोवळं म्हटलं की याडीला अंगठीतला लाल खडा आठवतो. याडी म्हणजे माझी आई, जिवनबाई. आमच्यात आईला याडीच म्हणतात. घरात आम्ही गोरमाटी, म्हणजे आमची बंजारा बोली, बोलतो, पण तुमच्यासाठी सगळं मराठीत सांगते. पहिल्या दिवशी तिनं काचेत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "निता, हे मेलं तपकिरी बटण अंगठीत कोण घालील?" हे जिवंत आहे, याला तोंड असतं, असं मी सांगितलं तेव्हा तिनं पदर आवरून घेतला.

पुण्यात मी शोभेच्या माशांच्या दुकानात कामाला होते. मालकानं दुकान गुंडाळलं तेव्हा रंगीत पोवळी गिऱ्हाईकांनी नेली. उरली ती कोपऱ्यातल्या टाकीत उजेडाविना कळकट पडलेली. "फेकून दे," मालक म्हणाला. मला फेकवेना. टाकीतच जन्मलेली, समुद्र कधी न पाहिलेली ती लेकरं मी डब्यात घालून, एसटीत मांडीवर धरून घरी आणली. ती वाढवायची, त्यांचे बारीक तुकडे करून पुन्हा वाढवायचे आणि हौशी लोकांना पाठवायचे, असं मी ठरवलं होतं. समुद्रातून काही ओरबाडायचं नाही, आणि दुसऱ्याच्या दुकानात पुन्हा उभं राहायचं नाही.

आठवडा गेला. मग एका सकाळी बापू दारात उभा राहून म्हणाला, "सोयाबीन आलं की ही खोली लागंल मला."

"मग मी ही टाकी कुठं नेऊ?"

"पुण्याला ने. काहून आणली हितं? जितं असतं तर गोष्ट येगळी. हे तर दगडावरचं शेवाळ दिसून राहिलं."

"जितं आहे, बापू. उजेड मिळाला की वाढंल."

माझा बापू कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवणारा माणूस नाही. दुकानदारानं पिशवीवर कितीही छापलेलं असो, पेरणीआधी तो ओल्या पोत्यात दाणे गुंडाळून ठेवतो आणि कोंब बघूनच पेरतो. तसंच त्यानं मलाही बजावलं. "सोयाबीन घरात यायच्या आत ह्याला एक नवा कोंब दाखव. एकच. दाखवलास तर खोली तुझी. न्हाई तर पाणी बाहेर अन् पोती आत. मग पुण्यात दुसरी नोकरी बघायची, बराबर?"

"बराबर," मी म्हणाले. याडीनं कपाळावर हात मारला. बाप तशी लेक, हे तिचं ठरलेलं वाक्य आहे. त्या दिवशी ते तिनं दोनदा म्हटलं.

आता अडचण एकच होती, उजेडाची. पोवळ्याच्या अंगात अगदी बारीक शेवाळ राहतं आणि ते उजेडावर अन्न शिजवून त्याला घास भरवतं. समुद्रात लाल उजेड वरच्या वर विरतो आणि निळा खोलवर जातो, म्हणून या मंडळींना निळ्याची सवय. असा उजेड देणारे परदेशी दिवे मिळतात, पण त्यांची किंमत ऐकून बापूनं त्याच्या मोटारसायकलीकडे बघितलं असतं. मी त्याला ती सांगितलीच नाही.

मी नाक्यावर ओमप्रकाशकाकांकडे गेले. काका जळालेल्या पंपांच्या मोटारी नवी तार गुंडाळून भरतात, पंखे दुरुस्त करतात आणि परिसरातल्या सगळ्या ढाब्यांच्या पाट्या उजळवतात. त्यांच्या मते जगातली प्रत्येक अडचण विजेची असते आणि वीज त्यांना कळते.

"निळा पाहिजे ना? हे घे," म्हणत त्यांनी ढाब्याच्या पाटीवरून उतरवलेली निळ्या दिव्यांची पट्टी माझ्या हातात ठेवली. "दो किलोमीटरवरून ट्रकवाल्याला दिसती. तुझ्या बटणाला न्हाई दिसणार?"

फुकटची पट्टी कोण सोडतं? लावली. खोली अशी निळी झाली की तांड्यावरची पोरं बघायला आली आणि याडी म्हणाली, आता फक्त तंदुरी रोटी तेवढी राहिली. पण पोवळी मात्र दिवसेंदिवस माना लांब करायला लागली. सावलीतलं रोप उजेडासाठी उंचच उंच वाढतं आणि बारीक होतं, तसं. त्यातलं एक गळून पडलं, तेव्हा मी पट्टी ओढून काढली आणि नाक्यावर जाऊन काकांच्या टेबलावर आपटली.

"काका, ही ट्रकवाल्यासाठी ठीक आहे. पोवळ्याला न्हाई."

"अगं, निळा म्हंजे निळा!"

"आपल्या डोळ्याला निळा. ह्याचं पोट भरायला जोर पाहिजे, पाण्याच्या तळापर्यंत जाणारा."

काका रागावले. रागावले म्हणजे आता या कामात अडकले, हे मला माहीत होतं. मग मी त्यांना माझा बेत सांगितला. अख्खा दिवा विकत घ्यायचा नाही. सुटे एलईडी मागवायचे, गडद निळे जास्त आणि पांढरे थोडे. असा एलईडी तापतो आणि तापला की मरतो, म्हणून तो ॲल्युमिनियमवर बसवायचा आणि वरून पंखा फिरवायचा. एवढं झालं तर परदेशी दिव्याचं काम गावठी खर्चात होईल. उजेड कमी-जास्त करायचं बटण असलेला पुरवठा महाग होता. मी म्हटलं, त्याच्यावाचून चालवू. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण ते मला पुढं चांगलंच नडलं.

एलईडी पार्सलनं आले. काकांनी भंगारातून खिडकीची जाड ॲल्युमिनियमची पट्टी काढली आणि बंद पडलेल्या संगणकाचा पंखा आणला. आम्ही दोघांनी दोन दुपारी बसून एकेक एलईडी डकवला. काका शिव्या देत कथलाचे डाग लावत होते आणि मी त्यांना हात स्थिर धरायला सांगत होते. शेवटी दिवा लागला तेव्हा काकांनी डोळ्यांवर हात धरला. "आयला, हे तर वेल्डिंग हाय!" ते म्हणाले. आवाजात मात्र मालकाचा रुबाब होता.

श्रावण सुरू झाला होता. सोयाबीनला शेंगा धरायला लागल्या होत्या आणि माझ्या टाकीत कोंब नव्हता. मी घाईला आलेली. दिवा टाकीवर टांगला, सकाळी लावला आणि संध्याकाळपर्यंत चालू ठेवला. जेवढा उजेड जास्त तेवढा कोंब लवकर, असं माझं साधं गणित होतं. तिसऱ्या दिवशी पोवळी मिटली. आठवड्यात तीन दगडांवरची पांढरी पडली आणि कुजून गेली. चौथ्यावर जिवंत असं एकच बटण उरलं, तेही गोळा होऊन बसलेलं.

मी रडले. खोटं कशाला बोलू, टाकीसमोर फतकल मारून रडले. बापू दारातून बघून गेला. त्यानं टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

त्याच दिवसांत तांड्यावर तीज बसली होती. आमच्याकडे श्रावणात लग्न न झालेल्या पोरी दुरडीत माती घालून गहू पेरतात, गाणी म्हणत पाणी घालतात आणि गव्हाचे कोंब वीतभर वाढवतात. त्याला तीज म्हणतात. दुरड्या तांड्याच्या प्रमुखाच्या, नायकाच्या घरी आडोशाला ठेवतात, त्यामुळे कोंब पिवळसर आणि लुसलुशीत निघतात. मी त्या पोरींत थोराड, पण लग्न नाही म्हणजे दुरडी आहेच. माझी चुलतबहीण मिना या वर्षी पहिल्यांदाच तीज पेरत होती. तिला वाटलं, आपली दुरडी सगळ्यांत हिरवी दिसावी. म्हणून तिनं ती गुपचूप उचलून भर दुपारी उन्हात ठेवली. आम्ही पाणी घालायला गेलो तेव्हा तिची तीज आडवी झाली होती आणि ती भोकाड पसरून बसली होती.

"अगं येडे," मी तिच्यावर ओरडले, "सावलीतलं लेकरू एकदम उन्हात घालतात का? हळूहळू..."

आणि मी तिथंच थांबले. हातातला तांब्या तसाच राहिला. जी गोष्ट तांड्यावरच्या शेंबड्या पोरीला मी सांगत होते, तीच मी टाकीवर केली होती. मिनाला वाटलं मी तिच्यावर फार चिडले, कारण मी तांब्या तिच्या हातात कोंबला आणि घराकडे पळत सुटले.

उजेड कमी करायचं बटण नव्हतं. नसू दे. मिरचीच्या रोपांवर घालायची हिरवी जाळी खळ्यात पडली होती. ती धुतली, कापली आणि टाकीवर थरावर थर घातले. उजेड खाली झिरपायला लागला, पानांतून ऊन झिरपतं तसा. दिवाही दुपारचा थोडा वेळच लावायचा असं ठरवलं. मग थोडे थोडे दिवस जाऊ देत एकेक थर काढायचा आणि दिव्याचा वेळ वाढवत न्यायचा. काका जाळी बघायला आले आणि दुखावले. "एवढा दिवा केला अन् त्याला बुरखा घातला काहून?" मी म्हटलं, "काका, नवी नवरी हाय. हळूहळू तोंड दाखवंल."

बटण उघडायला फार दिवस लागले. आधी कडा सैल झाली, मग बारीक झालर दिसली. मधेच तीज वाटायचा दिवस आला. आम्ही पोरींनी म्हाताऱ्यांच्या पागोट्यांत कोंब खोवले आणि रिवाजाप्रमाणे गळ्यात पडून रडलो. बापूच्या पागोट्यात कोंब खोवताना मी म्हटलं, "दुसराही दाखवणार हाय." तो हसला नाही, पण त्यानं पागोटं दिवसभर काढलं नाही. दसरा जवळ आला तेव्हा शेवटचा थर निघाला होता. बटणाच्या मध्यावर हिरवा रंग चढला होता, निळ्या उजेडात पेटल्यासारखा हिरवा. पण ते एकच होतं. मी वरून बघायची, समोरून बघायची. एकाचे दोन काही होत नव्हते.

आणि मग आभाळ भरून आलं. मळणी दोन दिवसांवर ठेवली होती, ती बापूनं त्याच दुपारी उरकली. ट्रॉली अंगणात उभी राहिली तेव्हा वारा सुटला होता. पोती भिजली असती तर वर्षाचं पीक गेलं असतं. यात मी काय हट्ट करणार? मीही त्याच शेतात निंदायला वाकले होते.

"बापू, पोती आत घ्या," मी म्हणाले. "पण पाणी आज काढू नका. टाकीच्या बाजूनं लावू. एवढं तरी करा. कोंब दाखवायला मला अजून वेळ पाहिजे, अन् मी तो मागून राहिली. भीक न्हाई मागत, मुदत मागते."

खांद्यावर पोतं घेऊन बापू आत आला, टाकीच्या पायाशी टेकवलं आणि उकिडवा बसून दम घेऊ लागला. मी दुसरं पोतं ओढत आणलं, तरी तो उठेना. कोंब बघताना तो नेहमी जमिनीला गाल लावून बघतो. तसाच तो वाकून काचेला चिकटला होता.

"हिकडं ये," तो म्हणाला. "हे काय हाय, खाली, दगडाच्या आडाला?"

मी त्याच्या शेजारी आडवी झाले. मोठ्या बटणाच्या खाली, मी उभी राहून कधीच बघू शकले नसते अशा जागी, मोहरीएवढं एक तोंड फुटलं होतं. इवल्या झालरीचं, हिरवं. मी नुसती मान हलवली.

"उगवलं," बापू म्हणाला. पेरणीच्या वेळी ओलं पोतं उलगडून म्हणतो, अगदी तसंच.

तो उठला आणि टाकीच्या पायाशी टेकवलेलं पोतं पुन्हा खांद्यावर घेतलं. दारातून बाहेर ओरडला, "पोती म्होरल्या खोलीत लावा! माझी खाट उचला तिथून!"

याडी हात पुसत आली. "खाट उचला? अन् तुमी कुठं निजणार? आभाळ फाटून राहिलं."

बापूनं खाट स्वतःच आडवी करून आत आणली आणि टाकीला लागून ठेवली. उशाशी आपली काठी आणि बॅटरी ठेवली. शेतात पीक वर आलं की रानडुकरं हाकलायला मचाणावर निजायला जाताना हेच सामान तो नेतो.

"कोंब आल्यावर पीक राखणीवाचून सोडतात का?" तो म्हणाला.