एकाच नंबरच्या दोन लिफ्ट

सकाळी मी घरातून निघाले की सासूबाई रोज एकच गोष्ट सांगतात. "त्याच्यावर लक्ष ठेव गं." तो म्हणजे माझे धाकटे भाऊजी. लिफ्ट दुरुस्त करतात. मामंजीही तेच काम करायचे. एका दुपारी ते लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरले, वर कोणीतरी मेन स्विच चालू केला, आणि ते परत आलेच नाहीत. धाकट्याने त्याच कंपनीत नोकरी धरली तेव्हा सासूबाईंनी अन्नाला हात लावला नाही. शेवटी तयार झाल्या त्या एका अटीवर: वहिनी तिथेच कॉम्प्युटर विभागात आहे ना, ती बघेल. मी नेमकं काय बघणार, ते मला कोणी विचारलं नाही.

पण मग खरंच बघायची सोय झाली. मामंजींच्या अपघातानंतर मेकॅनिक मेन स्विच पाडून त्याला कुलूप घालायचे, मगच खड्ड्यात उतरायचे. आता मोबाइलवर लिफ्टचा नंबर टाकून ती लॉक करतात. मग लिफ्ट जागची हलत नाही, आणि माझ्या स्क्रीनवर तिची ओळ लाल होते, पुढे मेकॅनिकचं नाव. भाऊजींची ओळ लाल असेपर्यंत माझं कामात लक्ष नसतं. ती हिरवी झाली की मी चहा पिते, बहुतेक वेळा गार झालेला.

या नंबरांचं आधी सांगायला हवं, कारण सगळी भानगड तिथेच आहे. सुरुवातीला आमची दोन ऑफिसं होती. दोन्हीकडे तीच माहिती. एकीकडे काही बदललं की ते दुसरीकडे पोचायचं. मधली लाइन बंद पडली तरी कोणाचं काम अडू नये, म्हणून प्रत्येक ऑफिस नव्या लिफ्टला आपलं आपण नंबर द्यायचं. तो नंबर म्हणजे नोंदीची ओळख, आमच्या भाषेत प्रायमरी की. दोघांनी चुकून एकच नंबर देऊ नये म्हणून आम्ही विषम आकडे द्यायचे आणि दुसऱ्या ऑफिसने सम, असं ठरलं. मी तेव्हाच म्हटलं होतं, उद्या तिसरं ऑफिस निघालं तर? त्यापेक्षा प्रत्येक ऑफिसच्या यंत्राला, म्हणजे मुख्य कॉम्प्युटरला, लिफ्टसाठी छत्तीस अक्षरांची अशी लांबलचक ओळख बनवू द्या, की ती जगात दुसऱ्या कशाशी जुळणारच नाही. यावर साहेब हसले. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाने फोनवर छत्तीस अक्षरं वाचायची का, तोवर तो म्हातारा होईल, म्हणाले. घरी भाऊजीही त्यांच्याच बाजूने. चार आकडे बास झाले वहिनी, एवढंच माझ्या डोक्यात राहतं, म्हणे.

साहेबांना आम्ही पाठीमागे 'लगेच' म्हणतो. गेल्या महिन्यात तिसरी शाखा निघाली आणि तीही त्यांना लगेच हवी होती.

त्या दिवशी दुपारी त्र्याहत्तर-तेरा नंबरची ओळ लाल झाली, पुढे भाऊजींचं नाव. कापडाच्या एका गोदामात नवी लिफ्ट बसली होती, तिच्या खड्ड्यात पाणी झिरपतंय म्हणून ते गेले होते. मी चहाचा कप बाजूला ठेवला. थोड्या वेळाने नव्या शाखेतल्या ऑपरेटरचा फोन आला. त्यांच्याकडची एक लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत एक बाई आणि तिचं लहान मूल. लिफ्ट लॉक दिसत होती, पण तिथे त्यांचा मेकॅनिकच गेलेला नव्हता. मी नंबर विचारला. तो म्हणाला, त्र्याहत्तर-तेरा.

मी स्क्रीनकडे पाहिलं. नाव भाऊजींचं होतं, पत्ता मात्र भलत्याच गावचा. एका क्षणात सगळं लक्षात आलं. नवी शाखा लगेच उभी राहावी म्हणून तिथल्या लोकांनी आमच्या यंत्राची जशीच्या तशी नक्कल उतरवून घेतली होती. तिच्याबरोबर विषम आकडे देण्याची सूचनाही गेली, आणि ती बदलायचं कोणाला सुचलं नाही. आमच्या यंत्राने गोदामाच्या लिफ्टला जो नंबर दिला, तोच त्यांच्या यंत्राने तिकडच्या लिफ्टला दिला. माहिती एकत्र आली तेव्हा कॉम्प्युटरला वाटलं, ही एकच लिफ्ट, कोणीतरी फक्त पत्ता बदललाय. भाऊजींनी एक लिफ्ट लॉक केली होती आणि बंद पडल्या होत्या दोन.

साहेब केबिनमधून धावत आले. त्या बाईचा नवरा फोनवर त्यांना नाही नाही ते बोलत होता. मुलाला दमा होता. लॉक काढा म्हणाले, लगेच. मी म्हटलं, लॉक काढलं तर दोन्हीकडचं निघेल. मोकळी झालेली लिफ्ट आपणहून तळमजल्यावर येते, आणि तिच्या खाली माझे भाऊजी आहेत.

"नंबर एक आहे म्हणजे लिफ्ट एकच," साहेब म्हणाले. "तुमचे भाऊजी लॉक काढायला विसरलेत."

मी भाऊजींना फोन लावला. खड्ड्यात रेंज नसते, हे मला माहीत होतं, तरी लावत राहिले. गोदामाच्या ऑफिसात फोन नुसताच वाजत होता, जेवायची वेळ. साहेबांचा हात माझ्या माउसकडे येताना दिसला आणि मी तो झटकला. साहेबांचा हात आजवर कोणी झटकला नसेल.

मग सुचलं. प्रत्येक लिफ्ट आपल्याच ऑफिसच्या यंत्राचं ऐकते; दोन्ही लिफ्टना जोडणारं होतं काय, तर ऑफिसांमधली लाइन. तीच तोडली तर दोन लिफ्ट पुन्हा दोन होतील. मी सर्व्हरच्या कपाटापाशी गेले आणि वायर उपटली. ऑपरेटरला म्हटलं, आता तुझ्याकडून लॉक काढ. माझी ओळ लालच राहिली. लिफ्ट खाली आली, बाई आणि मूल बाहेर पडले, हे तो सांगत असताना मागे मुलाचं रडणं ऐकू येत होतं. इतकं गोड रडणं मी कधी ऐकलं नव्हतं.

साहेब म्हणाले, सुटले ना लोक, आता वायर लावा, सगळं काम ठप्प झालंय. मी कपाटाला पाठ लावून उभी राहिले. तिकडे लॉक काढल्याची नोंद अजून पलीकडे वाट बघत होती. लाइन जोडली की ती इकडे येणार, आणि आमच्या यंत्रात नंतरची नोंद तीच खरी धरली जाते. हे मी त्यांना दोनदा समजावलं. भीतीने माझे दात वाजत होते, त्यामुळे त्यांना कितपत कळलं कोण जाणे. पण ते थांबले, हे खरं.

फोन वाजला. भाऊजी. मी स्पीकर लावला.

"वर आलोय वहिनी. किती मिस्ड कॉल हे? काय झालं?"

मी कपाट सोडून माझ्या खुर्चीत येऊन बसले. रडू आणि हसू एकदमच आलं. ते आपले नेहमीसारखे चिडवायला लागले, की आईने तुला पगार द्यायला हवा.

"बरं, टॉर्च खालीच राहिली," म्हणाले. "एवढी घेऊन येतो, मग लॉक काढतो."

"भाऊजी, थांबा—"

मागे कपाटाचं दार वाजलं. साहेबांनी 'वर आलोय' एवढं ऐकलं होतं. वायर बसल्याचा बारीकसा आवाज झाला. माझ्यासमोर त्र्याहत्तर-तेराची ओळ हिरवी झाली, आणि फोनमधून मोटर सुरू झालेली ऐकू आली. मग लिफ्ट तळाशी टेकल्याचा आवाज.

मी भाऊजी, भाऊजी म्हणत राहिले. पलीकडून काही नाही. साहेब कपाटाशी तसेच उभे होते. सासूबाईंना हे कोणत्या तोंडाने सांगायचं, एवढंच माझ्या मनात येत होतं.

"वहिनी." आवाज भाऊजींचाच होता, पण ओळखू येत नव्हता. "एकच पाय ठेवला होता शिडीवर. तू थांबा म्हणालीस, म्हणून वळलो."

त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"आईला सांगू नकोस," ते म्हणाले.

स्क्रीनवर आणखी लाल ओळी होत्या. प्रत्येकीपुढे एक नाव. त्यातल्या कुठल्या नंबराची लिफ्ट एक आणि कुठल्याच्या दोन, हे आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हतं. मी उठले आणि वायर पुन्हा उपटली. साहेबांनी बाजूला सरकून मला जागा दिली.