ओल्या भिंतीवरचा रंग

भिंतीवरच्या फुगवट्याला रंगाऱ्याने अंगठा लावला, तर तो अलगद आत गेला. त्याने पटकन हात मागे घेतला. त्याच भिंतीला पाठ करून लेक आपल्या दुकानात मशीनवर पडदे शिवत होती.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. रंग वाळतोय अजून."

थाप मारणं त्याला कधी जमलं नव्हतं, पण लेकीने मान वर केली नाही म्हणून निभावलं.

पूर ओसरून काही महिने झाले होते आणि उद्या बाजारपेठ पुन्हा उघडायची होती. दुकानदारांच्या मंडळाला सगळी गल्ली पिवळीधमक हवी होती, म्हणजे लोक पूर विसरतील आणि गिऱ्हाईक परतेल. भिंती पुऱ्या सुकू द्या, तोवर फार तर चुना मारा, त्यातून ओल बाहेर पडते, हे रंगाऱ्याने मंडळाला सांगून पाहिलं. आयुष्यभर तो हेच सांगत आला होता आणि त्यावरून कितीजणांशी त्याचं वाजलंही होतं. पण लेक म्हणाली, भिंतीवर ती पुराची रेघ दिसतेय तोवर मी दुकानात पाऊल टाकणार नाही. तिची आई पुरात याच खोलीत बुडाली होती, कापडाचे तागे वाचवायला म्हणून थांबली आणि बाहेर आलीच नाही. तिथे बापाचं शहाणपण संपलं. त्याने रेघेवर तेलरंगाचे दोन हात मारले. घरची भिंत रंगवल्यावर बाकीच्यांना कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? सगळी गल्लीच त्याने रंगवून दिली.

आता तेलरंगामागे भिंतींतलं पाणी आतच कोंडलं होतं. तो बाहेर आला आणि शेजारच्या न्हाव्याची भिंत त्याने बोटाने वाजवून पाहिली. बद्द आवाज आला. पलीकडच्या औषधवाल्याचीही तशीच वाजली, आणि त्याच्या पलीकडचीही.

"अहो, भिंत आहे ती, मडकं नाही," न्हावी हसला. आत पाणी कोंडून विटा मऊ पडताहेत, भिंत कधीही बसेल, हे रंगाऱ्याने त्याला जवळ जाऊन सांगितलं, तसं त्याचं हसू मावळलं. तो हलक्या आवाजात म्हणाला, "उद्या उद्घाटन आहे. माझ्या भिंतीला हात लावायचा नाही."

रंगारी लेकीकडे परतला. "मशीन बाहेर घे. माझं चुकलं, पोरी. भिंत ओली होती आणि मला ते माहीत होतं."

त्याने पट्टीने रंग खरवडायला घेतला. दुधावरची साय निघावी तसा तो अख्खाच्या अख्खा सुटून आला. मागून गढूळ पाणी ओघळलं, गाळाचा वास खोलीभर पसरला आणि एक वीट लोण्यासारखी खाली घसरली. रेघ होती तिथेच होती, त्याच्या डोक्याच्याही वर.

टाचा उंचावून लेकीने रेघेपर्यंत हात नेऊन पाहिला. पोचला नाही.

"आईचाही पोचला नसेल," ती म्हणाली.

दोघांनी मिळून मशीन उचललं आणि भिंतींपासून लांब, रस्त्याच्या मधोमध आणून ठेवलं. लेक पुन्हा शिवायला बसली. आत पोपडे गळत होते.

शेजारी न्हाव्याने रेडिओ मोठा केला, खुर्ची पिवळ्या भिंतीला टेकवली आणि डोळे मिटून घेतले.